झेनचे पन्नास घोडे

कार्ब्युरेटरवाली मारुती झेन कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा तिच्या इंजिनात ५० अश्वशक्ती होती. आज रस्त्यावर उरलेल्या झेन पाहाव्यात तर त्यांतल्या बहुतेकींकडे तेवढी राहिलेली नसणार. ही ताकद एका दिवसात जात नाही. थोडी व्हॉल्व्हच्या सीटवर झिजते, थोडी रिंगांतून गळते, थोडी एखाद्या चिरलेल्या रबरी नळीतून निसटते आणि थोडी, हे दुःखानं लिहावं लागतं, दुरुस्तीच्या नावाखाली मेकॅनिकच्या हातून जाते. म्हणून जुन्या छोट्या गाडीच्या इंजिनाची ताकद स्वस्तात कशी वाढवायची असं मला कुणी विचारलं, की माझं म्हणणं एकच असतं: गेलेलं आधी परत आणा. कंपनीनं दिलेले पन्नासच्या पन्नास घोडे जागेवर आले की त्या गाडीला आणखी काय हवं, हा प्रश्न बऱ्याचदा उरतच नाही.

झेन आली १९९३ साली. ९९३ सीसी, चार सिलिंडर, ब्लॉक आणि हेड दोन्ही अ‍ॅल्युमिनियमचे. बोअर ७२ मिलिमीटर आणि स्ट्रोक ६१. आकडे कोरडे दिसतात, पण गाडीचा सगळा स्वभाव या दोन आकड्यांत आहे. पिस्टन रुंद आणि त्याचा वर-खाली प्रवास आखूड, त्यामुळे हे इंजिन फिरायला भीत नाही. खालच्या फेऱ्यांना ते जेमतेम ओढतं. चार हजारांच्या वर गेलं की आवाजाचा पोतच बदलतो आणि गाडी पुढे झेपावते. पूर्ण ताकद मिळते ती साडेसहा हजार फेऱ्यांना. गाडीचं वजन साडेसातशे किलोच्या आसपास. इतक्या हलक्या अंगाला पन्नास घोडे पुरे होतात, आणि ज्यानं त्या काळात नवी झेन चालवली आहे त्याला हे पटवून द्यावं लागत नाही. माझ्याकडची झेन त्या पिढीतली आहे. ती मला मनापासून आवडते आणि तिच्याशी जे जे केलं ते या आवडीपोटी.

आमच्या कोल्हापुरात जुन्या गाडीवाल्या तरुण मुलांची पहिली उडी असते ती कोन फिल्टर आणि फ्री-फ्लो सायलेन्सरवर. दोन्ही दिसतात, दोन्ही ऐकू येतात. पण इंजिनाला लागते ती गार हवा. कंपनीच्या फिल्टरच्या डब्याला जी सोंड असते ती बॉनेटखालची गरम हवा टाळून पुढून हवा घेते. ती काढून उघडा कोन बसवला की इंजिन आपल्याच अंगाची वाफ श्वासात घेऊ लागतं. बाहेर ३० अंश आणि बॉनेटखाली ७० अंश असतील तर त्या हवेची घनता जवळजवळ १२ टक्क्यांनी कमी असते. कोल्हापूर आधीच समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंचावर, म्हणजे पाचेक टक्के हवा इथेच कमी मिळते. त्यात ही भर. मुलगा मात्र आवाज ऐकून खूश असतो. त्याला वाटतं, गाडी पळायला लागली.

त्यापेक्षा बॉनेट उघडून रेडिएटरची वरची नळी जिथे इंजिनाला मिळते ते तोंड खोलून बघावं. आत थर्मोस्टॅट आहे का? जुन्या मारुतीत बहुतेक वेळा नसतो. कधीतरी तो अडकला, गाडी तापली, अ‍ॅल्युमिनियमचं हेड वाकलं, मोठा खर्च झाला, आणि तेव्हापासून ‘हे काढूनच टाकलेलं बरं’ अशी रीत पडली. आपल्याकडच्या कित्येक गॅरेजांत तो सवयीनंच काढतात. मालकाला कुणी सांगत नाही, आणि काटा खाली राहतो म्हणून मालकालाही बरं वाटतं. पण गार चालणारं इंजिन सुखात नसतं. पेट्रोलची नीट वाफ होत नाही, ते थेंबाथेंबानं सिलिंडरच्या भिंतीवर बसतं, तिथलं तेल धुऊन काढतं, रिंगा आणि बोअर झिजवतं. अ‍ॅव्हरेज पडतं, चोक जास्त वेळ ओढून ठेवावा लागतो, पिकअप जातं. काही शे रुपयांची ही वस्तू इंजिनाचं आयुष्य आणि ताकद दोन्ही राखते.

नवा थर्मोस्टॅट आणला की मी तो घरी गॅसवर तपासतो. पातेल्यात पाणी, दोऱ्यानं टांगलेला थर्मोस्टॅट, शेजारी थर्मामीटर. कडेवर ८२ असा आकडा कोरलेला असतो. पाणी सत्तरीला पोचतं तरी झडप घट्ट मिटलेली. आतल्या पितळी कुपीत मेण भरलेलं असतं. ते ठरावीक तापमानाला वितळतं, फुगतं आणि मधली दांडी ढकलतं. ऐंशीच्या जरा पुढे एका बाजूनं केसाएवढी फट दिसते, मग ती चकती हळूहळू पूर्ण उचलली जाते. गॅस बंद केला की काही वेळानं परत मिटते. ना वायर, ना सेन्सर, आणि वर्षानुवर्षं हे मेण आपलं काम बिनचूक करत राहतं. ज्यानं हे पहिल्यांदा सुचवलं त्याच्याबद्दल मला फार आदर वाटतो.

त्याच बॉनेटखाली डिस्ट्रिब्यूटरच्या कडेला एक तबकडी असते आणि तिला कार्ब्युरेटरकडून आलेली बोटाहून बारीक रबरी नळी. हलक्या पायानं गाडी चालवताना ठिणगी थोडी आधी पडावी यासाठी ही योजना. नळी कडक होऊन चिरली की ओढ तिथेच गळते, ठिणगी उशिरा पडू लागते आणि गाडी सपाट रस्त्यावरही जड वाटायला लागते. हातभर नळीचे पैसे चहा-वड्याच्या खर्चात बसतात. माझ्या पाहण्यात कितीतरी गाड्यांना ‘कार्ब्युरेटर गेलाय’ म्हणून नवा कार्ब्युरेटर बसला, आणि नळी तीच राहिली.

प्लग, हायटेन्शन वायरी, टॅपेट सेटिंग, स्वच्छ फिल्टर यांबद्दल लिहीत बसत नाही, ते सगळ्यांना ठाऊक असतं. करत नाहीत एवढंच. प्लगांचा पूर्ण संच पाचशे-सहाशे रुपयांत येतो. जुने काढाल ते मात्र लगेच टाकू नका, सिलिंडरच्या क्रमानं ओळीत ठेवा. पांढऱ्या चिनीमातीवर फिकट तपकिरी रंग असेल तर सगळं ठीक. काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढराफटक म्हणजे कमी, तेलकट ओला म्हणजे रिंगा किंवा व्हॉल्व्हच्या सीला. चारांतला एकच वेगळा दिसला तर दुखणं त्या सिलिंडरचं.

यापुढची पायरी कॉम्प्रेशनची. प्लगच्या भोकात गेज लावायचा, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबायचा आणि सेल्फ मारायचा. माझ्या गाडीत तीन सिलिंडर १६० पाउंडांच्या आसपास आले आणि तिसऱ्या क्रमांकाचा १२५ ला थांबला. मग त्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल आत सोडून पुन्हा मोजलं. तेलानं रिंगांच्या फटी तेवढ्यापुरत्या बुजतात, त्यामुळे आकडा उसळला तर दोष रिंगांचा, आणि तिथेच राहिला तर व्हॉल्व्हचा. आकडा जेमतेम हलला. म्हणजे बोअरला हात लावायची गरज नव्हती, पिस्टन बदलायचे नव्हते, नुसतं हेड उतरवायचं होतं. चमचाभर तेलानं आख्ख्या इंजिनाचा खर्च वाचला.

हेड घेऊन शिवाजी उद्यमनगरात गेलो. कोल्हापूरबाहेरच्या वाचकाला हा भाग कळावा म्हणून सांगतो. आमचं शहर कुस्ती, गूळ आणि चपलांसाठी ओळखलं जातं, पण शेतीला पाणी उपसणारी ऑइल इंजिनं इथे घडली आणि त्यांच्या मागोमाग फाउंड्र्या, लेथ, बोअरिंग मशिनांचा हा सगळा पसारा उभा राहिला. उद्यमनगर आणि लगतचं वाय. पी. पोवारनगर इथे सकाळी चालत गेलात तर प्रत्येक शटरआड काहीतरी फिरत असतं. ओतीव लोखंड, कूलंट आणि ग्रीसचा तो एकत्र वास मला देवळातल्या कापराइतकाच प्रिय आहे. इथे हात मुरलेली माणसं आहेत. त्यांना सगळे मामाच म्हणतात, तसं मीही म्हणतो.

मामांनी हेड उलटं करून फळीवर ठेवलं. चारही खोलगट कक्षांत, व्हॉल्व्ह बसलेले असतानाच, घासलेट ओतलं आणि बिडी पेटवायला ते मुद्दाम दूर बाहेर गेले. परत येऊन बॅटरीच्या उजेडात पोर्टांतून पाहिलं. तीन कोरडे. तिसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्ट पोर्टात काळ्या कार्बनवरून एक ओली रेघ खाली उतरत होती. गेजनं दाखवलेले ते कमी पाउंड इथून निघून जात होते.

व्हॉल्व्ह काढला तर त्याच्या कडेवर एका बाजूला करपलेली चंद्रकोर. तो बदलला. बाकीचे साफ करून सीट कापून घेतल्या. मधला कोन ४५ अंशांचा, वर आणि खाली वेगळ्या कोनांची बारीक कड, म्हणजे वायू तिथून वळताना अडखळत नाही. तीन कोनांची सीट हे रेसगाड्यांचं काम असं लोक समजतात. कटर तोच, हात तोच, वेळ थोडा जास्त, आणि मामांनी त्याचे जादा पैसे नगण्य लावले. मग ग्राइंडिंग पेस्ट. काठीच्या टोकाचा रबरी गोळा व्हॉल्व्हच्या तबकडीला चिकटवायचा आणि ताक घुसळताना रवी फिरवतात तशी ती काठी दोन्ही तळव्यांत फिरवायची. खरखर आवाज हळूहळू मऊ होत जातो. पेस्ट पुसली की सीटवर राखाडी, निस्तेज, अखंड वर्तुळ उमटलेलं दिसतं. ते कुठेही तुटता कामा नये. “सीट लई बारीक ठेवली तर व्हॉल्व जळतोय,” मामा म्हणाले, “आन् रुंद केली तर कार्बन धरतोय.” कारण अगदी सरळ आहे: व्हॉल्व्हची उष्णता त्या वर्तुळातूनच हेडमध्ये आणि तिथून पाण्यात उतरते. मामांनी ते पुस्तकात वाचलेलं नाही, जळालेले व्हॉल्व्ह हातात घेऊन घेऊन त्यांना ते कळलेलं आहे.

हेड उतरलेलंच आहे तर त्याचा पृष्ठभाग सपाट करून घ्यावाच लागतो, आणि खरी फुकटची वाढ इथे मिळते. या इंजिनाचा एक सिलिंडर २४८ सीसीचा. वर उरणारी जागा ३१ सीसी धरली तर कॉम्प्रेशनचं गुणोत्तर बरोबर नऊ येतं. फेसिंग करताना धातूचा पातळ थर गेला आणि त्या जागेतून एकच सीसी कमी झाली की तेच गुणोत्तर सव्वानवाच्या पुढे जातं. हे घोडे खालच्या फेऱ्यांनाही जाणवतात, जिथे झेन मुळात अशक्त. हाव मात्र धरू नये. हेड किती पातळ करायचं याला कंपनीनं मर्यादा घातलेली आहे, आणि ती ओलांडली की चढावर इंजिन खडखडायला लागतं. पोर्टांच्या बाबतीत मी एवढंच केलं: गॅस्केट ठेवून जिथे मॅनिफोल्डची कड आत डोकावत होती तिथली पायरी घासून काढली. इनटेक आरशासारखा चकचकीत करण्याच्या फंदात पडलो नाही. थोडा खरखरीत पोर्ट पेट्रोलला भिंतीवर साचू देत नाही.

हे सगळं झाल्यावर गाडी घेऊन वैभववाडीहून गगनबावड्याला करूळ घाट चढलो. गाडीत चार माणसं आणि डिकीत आंब्यांच्या पेट्या. ज्या वळणांवर दुसरा गिअर टाकून इंजिनाचा आक्रोश ऐकावा लागायचा तिथे ती तिसऱ्यात निघाली. शेजारी बसलेल्या बायकोला यंत्रात रस नाही, पण तीही म्हणाली, “गाडी आज ओरडत नाहीये.”

आता इथेनॉलबद्दल, कारण जुन्या गाडीवाल्यांचा आजचा खरा प्रश्न तो आहे. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे. ते आमच्याच पंचगंगेच्या, वारणेच्या काठच्या उसाचंही असेल, आणि ऊस उत्पादकांच्या जिल्ह्यात राहून मी त्याला नावं ठेवणार नाही. पण कार्ब्युरेटरला काय होतं हे नीट समजून घ्यायला हवं. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला जळायला हवेचे १४.७ भाग लागतात, इथेनॉलला फक्त ९. मिश्रणाला म्हणून साडेतेराच्या आसपास. नव्या गाडीतला ऑक्सिजन सेन्सर हे ओळखतो आणि इंधन वाढवतो. कार्ब्युरेटरचं जेट म्हणजे पितळेतलं एक ठरावीक भोक. त्याला टाकीत काय आहे हे कळायचा मार्ग नाही. परिणामी मिश्रण पातळ होतं, गाडी मध्येच अडखळते, जास्त तापते, प्लग पांढरे पडतात. त्यात लिटरमागे ऊर्जाच सहा-सात टक्के कमी, म्हणजे अ‍ॅव्हरेज तेवढं जाणार. उपाय महागडा नाही. मुख्य जेट किंचित मोठं घ्यायचं. पंपापासून कार्ब्युरेटरपर्यंतच्या जुन्या रबरी नळ्या, डायफ्रॅम आणि गॅस्केट इथेनॉल सोसणाऱ्या मालाचे बसवायचे. जुनं रबर फुगतं, भेगाळतं, आणि तापलेल्या इंजिनावर पेट्रोल ठिबकणं हा खेळ नव्हे. एक गोष्ट मात्र फायद्याची: इथेनॉलमुळे ऑक्टेन वाढतं. सव्वानवाचं कॉम्प्रेशन आज निर्धास्त पेलतं याचं श्रेय थोडं उसालाही आहे.

मिश्रण जुळवायला भारी यंत्रं विकत घ्यावी लागत नाहीत, ती चौकात उभी असतात. पीयूसीवाल्याची नळी सायलेन्सरमध्ये असताना पडद्यावरचा कार्बन मोनॉक्साइडचा आकडा बघत मिश्रणाचा स्क्रू पाव-पाव फिरवायचा. इतक्या जुन्या गाड्यांना ३ टक्क्यांची मुभा आहे. मी माझी दीड-दोनच्या मध्ये ठेवतो. तिथे स्लो स्थिर राहतो आणि धूर डोळ्यांना झोंबत नाही. गर्दी नसलेल्या वेळी जाऊन माणसाशी गोडीनं बोललं तर तोही रस घेतो. आमच्या चौकातला पीयूसीवाला आता स्वतःहून म्हणतो, “साहेब, अजून थोडा आत घ्या.”

छोट्या इंजिनावर अशी मेहनत करणाऱ्यांची परंपरा मोठी आहे. इंग्लंडात जॉन कूपर यांनी ८४८ सीसीच्या, ३४ घोड्यांच्या मिनीवरून १९६१ साली ९९७ सीसीची, ५५ घोड्यांची मिनी कूपर करवून घेतली आणि तीन वर्षांत तिच्याच वंशातली गाडी माँटे कार्लो रॅली जिंकली. आपल्याकडे कोइम्बतूरच्या एस. करिवर्धन यांनी मारुती ८०० चं इंजिन घालून एकाच माणसाच्या बैठकीची रेसगाडी तयार केली. फॉर्म्युला मारुती म्हणून ती धावली आणि पोरांना परवडेल अशी रेसिंगची शाळा त्यातून उभी राहिली. कोइम्बतूरजवळच्या रेसट्रॅकला आज त्यांचंच नाव आहे. साध्या घरगुती गाडीच्या इंजिनाकडे एवढ्या आदरानं पाहणारी माणसं आपल्याकडे होऊन गेली, याचा मला अभिमान वाटतो.

परवा आमच्या गल्लीतला एक मुलगा त्याच्या आजोबांची झेन घेऊन आला. “काका, एस्टीमचं इंजिन मिळतंय, बसवू काय?” एस्टीमचं १३०० सीसी इंजिन झेनच्याच घराण्यातलं. बोअर ७४, स्ट्रोक ७५.५, म्हणजे खालून ओढणारं. कार्ब्युरेटरवालं ६५ घोड्यांचं, नंतरचं इंजेक्शनवालं ८५ चं. झेनमध्ये ते बसतं, पुष्कळांनी बसवलंय, आणि चालवायला ती गाडी अफाट असते. तरी मी त्याला नको म्हटलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे मूळ रचनेत असा बदल परस्पर करता येत नाही; आरसी बुकात एक इंजिन आणि बॉनेटखाली दुसरं असेल तर अपघाताच्या दिवशी विमा कंपनी पाठ फिरवते. पंधरा वर्षांवरच्या गाडीचं नूतनीकरण २०२२ च्या एप्रिलमध्येच ६०० वरून ५००० रुपयांवर गेलं होतं, वर पर्यावरण कर. तिथे तपासणीत पकडली गेली तर आजोबांची गाडी कायमची जाईल. आणि तिचे ब्रेक पन्नास घोड्यांच्या हिशेबानं केलेले आहेत. त्याच्या आईला मी रोज बघतो. हे बोलताना माझा आवाज चढला असेल.

मग गेज लावला. चारही सिलिंडर १७० च्या जवळ, एकमेकांशी जुळलेले. आजोबांनी इंजिन लेकरासारखं सांभाळलं होतं. तरी गाडी उठत नव्हती हेही खरं. जॅक लावून मागचं चाक हातानं फिरवलं तर फिरेना. दोन्ही ड्रम धरून बसले होते, एवढे दिवस इंजिन त्यांना फरपटत नेत होतं. एका बाजूचा व्हील सिलिंडर गंजून अडकलेला, हँडब्रेकची केबलही आत चिकटलेली. दोन्ही सिलिंडर, लायनर आणि केबल मागवून ठेवलंय. थर्मोस्टॅट त्याच्याही गाडीत नव्हता. रविवारी तो येईल तेव्हा आधी ब्रेक करू, मग नळ्या, आणि वेळ उरला तर कार्ब्युरेटर उघडून जेट बदलू. हेडसाठी मामांकडे जायचं कारण नाही.